दोनदा सापडलेला नायदेन

"पोराच्या दुपट्यावर काळ्या हाताचा पंजा उमटला होता, सासूबाई. गिरणीवाल्याचा हात काळा असतो होय?"

त्सोना हे बोलली तेव्हा तिची सून वेलिका दाराआड पावाचं पीठ मळत होती. द्राक्षं काढून झाल्यावर लग्न झालेलं, सासरचा हा पहिलाच हिवाळा. नवी सून घरात बोलायची कमी आणि ऐकायची जास्त. तिनं मळायचं थांबवलं नाही, फक्त मूठ हळू केली.

आतल्या खोलीत चुलीपाशी रूसा आजी बसली होती. त्सोनाची सासू, सगळ्या घराची मालकीण. दात गेलेले, पण जीभ शाबूत.

"हात कुणाचा का असेना, पोरगं जगलं ना? का जगलं ते विचार. मी होते म्हणून जगलं."

"जगलं. पण कुठल्या नावानं जगलंय? ती पोर आपल्या दारात उभी राहून काहीतरी नाव बोलली. मी आत बाळंतिणीच्या अंथरुणात. आवाज ऐकला, शब्द नाही आला कानावर. तुम्ही समोर होता."

"मला ऐकू येत नाही."

"आता येत नाही. तेव्हा पलीकडच्या आवारात कोंबडी खोकली तरी ऐकू यायचं."

"अगं, कोळसेवाल्याची पोर ती! डोक्यात उवा, पायात चिंध्या. तिला माझ्या नातवाची कुमा करायची? देवळात पाद्र्यासमोर तिच्या हातात पोर द्यायचं, आणि गावानं बघायचं? मोजे दिले, अख्खा पाव दिला, गेली निघून. तिचंही भलं झालं."

"आणि पोराला परत नेऊन तिठ्यावर ठेवलंत. बर्फात. दुसऱ्यांदा."

"वल्चो गिरणीवाला यायचाच होता. सांगूनच ठेवलं होतं त्याला."

"सांगून ठेवलेल्या माणसाला पोर सापडतं का हो?" त्सोनाचा आवाज चिरला. "सापडणं म्हणतात त्याला?"

वेलिकानं मान वर केली. समोरच्या खिडकीबाहेर तिचा नवरा नायदेन उभा होता, ज्याच्यावरून हे चाललं होतं तोच. हातात लाकडांची मोळी, टोपीवर बर्फ. किती वेळ उभा होता कुणास ठाऊक. त्यानं लाकडं खाली ठेवली नाहीत, आतही आणली नाहीत. तसाच उभा राहिला. मग मागच्या दारानं आला, लाकडं चुलीशी रचली आणि आजीला विचारलं, "आजी, सूप आहे का?"

तो असाच होता. काही पेटलं की आधी सूप विचारायचा.

आता हे भांडण कशाचं, तर नावाचं. त्सोनाची पाळण्यातली मुलं एकामागोमाग एक गेली होती. कुणी खोकल्यानं, कुणी नुसतंच, झोपेत. बल्गेरियातल्या द्रेनोवित्सा गावात अशा घरी पुढचं मूल झालं की एक करायचं असतं. पहाटे ते बाळ दुपट्यात गुंडाळून तिठ्यावर नेऊन ठेवायचं आणि झुडपाआड लपून बघत राहायचं. पहिलं जे कुणी माणूस त्या वाटेनं येईल त्यानं बाळ उचलायचं, घरी आणून द्यायचं आणि त्याचं नाव उच्चारायचं. मग तो माणूस त्या बाळाचा कुम. बाई असली तर कुमा. बाळाची धर्माची आई, तीच त्याला देवळात धरणार, तिचा आशीर्वाद जन्मभर. येणारा भिकारी असो नाहीतर वाट चुकलेला असो, त्याला नाही म्हणायचं नाही. कारण मरण त्या घरच्या मुलांना ओळखून असतं. हे मूल त्या घरचं नाहीच, रस्त्यावर सापडलेलं आहे, असं मरणाला पटलं तर ते पुढच्या दाराला जातं. म्हणून अशा मुलाचं नाव बहुतेक नायदेनच असतं. नायदेन म्हणजे सापडलेला. पण बहुतेक म्हणजे नेहमी नव्हे. कुणी सापडलेल्याला स्तोयान म्हणतं, म्हणजे राहा बाबा, जाऊ नकोस. कुणी आपल्या मेलेल्या भावाचं नाव देतं. उचलणाऱ्याच्या तोंडून जे निघेल ते खरं.

रूसा आजीनं रीत पाळली, पण थोडी सोयीनं पाळली. तिला कुम हवा होता गिरणीवाला. तीन गावांचं पीठ त्याच्या दारात दळलं जाई. आधी आली मात्र बारा वर्षांची पेतकाना, पाठीवर कोळशाचं पोतं घेऊन, डोंगरावरून. तिनं पोतं टाकलं, पोर उचललं, आणि गावात शहाणी म्हणतील असं सगळं केलं. दारात आली, नाव बोलली. आणि पाव घेऊन परत गेली. तासाभरानं गिरणीवाला घोड्यावरून आला, सापडलं सापडलं म्हणून ओरडला, आणि नाव ठेवलं नायदेन.

ज्या गिरणीसाठी एवढं केलं ती पुढं सरकारजमा झाली, आणि वल्चो तिच्याच दारात पहारेकरी म्हणून बसला. पण ते फार नंतर. रूसा आजीला माणसांचं गणित यायचं, दिवसांचं नाही.

पुढच्या पानगळीला वेलिकाला मुलगा झाला. रिवाजाप्रमाणं आजोबांचं नाव ठेवायचं ठरलं होतं. ते ठेवण्याआधीच, चाळीस दिवसांच्या आत, मूल गेलं. झोपेत.

दफन करून आल्यावर नायदेन सरळ आजीपुढं जाऊन बसला.

"आजी, ती मुलगी काय म्हणाली होती?"

"कोणती मुलगी?"

"आजी."

"मला ऐकू येत नाही रे बाळा," म्हातारी म्हणाली आणि रडायला लागली. ती खरंच रडत होती. पण सांगितलं नाही. त्याच हिवाळ्यात ती गेली, आणि शब्दही बरोबर घेऊन गेली.

नायदेनच्या डोक्यात तेव्हापासून एकच गोष्ट बसली. त्या मुलीनं दुसरंच नाव उच्चारलं असेल तर? मग तो आयुष्यभर भलत्याच नावाला ओ देतोय. मग मरण फसलंच नाही, नुसतं थांबलंय, आणि दार त्याला माहीत आहे.

माफीच्या रविवारी, मोठ्या उपासाच्या आधी, धाकट्यांनी थोरल्यांकडं जायचं आणि म्हणायचं, माफ कर. थोरल्यांनी म्हणायचं, देव माफ करो, माफ आहे तुला. लग्न झालेल्यांनी कुमाकडं बानित्सा न्यायची, एक संत्रं न्यायचं, वाइनची बाटली न्यायची. त्या वर्षी नायदेन वेलिकाला म्हणाला, "बानित्सा दोन कर."

"दोन कुणाला?"

"एक वल्चोला. एक वर."

वेलिकाला माहीत होतं वर म्हणजे कुठं. तिनं विचारलं नाही. बानित्साचे पापुद्रे लाटायला सकाळ जाते. टेबलभर पसरेल एवढी पातळ पोळी, मग पांढरं चीज, अंडी, पुन्हा पोळी. तिनं दोन केल्या. नायदेननं एक थाळा फडक्यात बांधला आणि डोंगर चढला.

संध्याकाळी आला तो रिकामा थाळा घेऊन.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, कुणाची कुमा? मला काही सापडलं नाही."

"आणि बानित्सा?"

"ती घेतली."

पेतकाना तोवर विधवा होऊन डोंगरावरच्या वाडीत एकटी राहत होती. दोन शेळ्या, एक प्लमचं झाड, आणि कुणालाही उंबऱ्यात उभं न करणारं तोंड. नायदेन दुसऱ्या वर्षी गेला. तेच. तिसऱ्या वर्षी गेला. तेच. मधल्या काळात तो तिच्या छपराची कौलं बसवून आला, गवत कापून आला, विहिरीचा रहाट दुरुस्त करून आला. काम करताना ती बघत बसायची. काम झालं की म्हणायची, "ए खालच्या वाडीच्या, वेड लागलंय का तुला? तुझा कुम गिरणीत बसतो." त्याला नावानं तिनं कधी हाक मारली नाही. एकदाही नाही. वेलिकाला हे नायदेननंच सांगितलं होतं, एका संध्याकाळी, बूट काढता काढता. "माझं नाव घेत नाही ती. म्हणजे ते नाव नसणार."

"किंवा ती नुसती खाष्ट असणार," वेलिका म्हणाली.

गावाला चघळायला विषय झाला. वल्चोचा मुलगा स्तान्को दुकानासमोर सगळ्यांत म्हणाला, "काय रे, एक कुम पुरत नाही वाटतं? वासरू दोन गाईंना पितं, तसा झालास की."

"तुझ्या बापाकडं पण येतोच की," नायदेन म्हणाला.

"येतोस. पण थाळा लहान असतो."

खोटं होतं. दोन्ही थाळे सारखे होते. वेलिकानं मुद्दाम सारखे ठेवले होते, कारण असं काहीतरी कुणीतरी बोलणारच होतं.

नायदेनला रस्त्यावर नोकरी लागली. गावापासून खिंडीपर्यंतचा रस्ता त्याच्याकडं. खड्डे बुजवायचे, चर साफ करायचे, हिवाळ्यात फावड्यानं बर्फ ओढायचं. लोक म्हणायचे, रस्त्यावर सापडला, रस्त्यावरच चिकटला. तो हसायचा नाही आणि चिडायचाही नाही. घरी यायचा तेव्हा कंबर वाकलेली असायची. वेलिका शेती संघाच्या तंबाखूत दिवसभर वाकून यायची. दोन वाकलेली माणसं समोरासमोर बसून सूप प्यायची आणि कुणी जास्त दमलंय यावर वाद घालायची. हा त्यांचा संसार. वाईट नव्हता.

मग त्स्वेता झाली. सासू त्सोनाचं पहिलं अक्षर राखून हे नाव, कारण पूर्ण 'त्सोना' ठेवायचं म्हटलं तर शहरात हसतात. ती जगली. गोवर आला, गेला. झाडावरून पडली, हात मोडला, जुळला. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा वेलिका नवऱ्याला म्हणाली, "बघ. काही झालं नाही. आता नको जाऊस वर."

नायदेन बूट घालत होता. बानित्साचा थाळा तयार होता.

"पोरीसाठी जात नाही आता," तो म्हणाला.

"मग कशासाठी?"

"तिनं मला उचललं ना? थंडी होती. पोतं टाकलं तिनं."

वेलिकानं थाळा त्याच्या हातात दिला. दर वर्षी मात्र पापुद्रे लाटताना ती कुरकुरायची. तिचं मनगट दुखायचं. दोन थाळे, दोन थाळे. वल्चो गेला तेव्हा एक कमी झाला, आणि तिला लाज वाटेल इतकं बरं वाटलं.

स्वतः ती कधीही वर गेली नाही. नायदेननं बोलावलं नाही आणि तिनं विचारलं नाही. ती म्हणायची, गुडघे. गुडघे तेव्हा ठीक होते. तिला त्या बाईचा राग होता, एवढंच. एक शब्द. एक शब्द बोलायला काय जातं? माणूस झिजला तो एका शब्दापायी.

संघ मोडला, तंबाखू गेली, दुकान बंद पडलं. तरुण माणसं स्पेनला गेली, तिथल्या म्हाताऱ्यांना अंघोळी घालायला, आणि इथल्या म्हाताऱ्यांना फोन करायला लागली. त्स्वेताही गेली. तिला मुलगा झाला तेव्हा फोनवर ती म्हणाली, "बाबा, नाव तुमचंच ठेवणार आहे. इथं कुणाला म्हणता येत नाही, पण शिकतील."

बल्गेरियातल्या कुठल्याही बापाला विचारा, हे ऐकायला तो जन्मभर थांबलेला असतो. नायदेननं फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला.

"नको," तो म्हणाला.

"का?"

"माझं आहे की नाही तेच अजून ठरलेलं नाही. भलत्याचं नाव लेकराच्या गळ्यात कशाला?"

पोरगी रडली. मुलाचं नाव ठेवलं निकोलास. आजोबांचं पहिलं अक्षर तेवढं राहिलं. वेलिका नायदेनशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिला सूप करायलाच लागलं.

शेवटी नायदेनचं हृदय कुरकुरायला लागलं. शहरातला डॉक्टर म्हणाला, चढ नको, वजन नको. माफीचा रविवार आला. वेलिका सकाळी उठली तर हा माणूस पायऱ्यांवर बसून बूट घालतोय. एक बूट घातला आणि दम घेत बसला. दुसरा हातातच.

"तुला मरायचंय का?"

"थाळा जड नाही."

"डोंगर जड आहे!"

"मग तू घे थाळा," तो म्हणाला.

तिनं घेतला. काय करणार? बर्फ वितळत होतं, वाटेवर नुसता चिखल. तो चार पावलं चालायचा आणि झाडाला धरून उभा राहायचा. ती थाळा घेऊन उभी राहायची आणि मनातल्या मनात रूसा आजीपासून सुरुवात करून सगळ्यांना शिव्या घालायची. थाळ्याच्या वर एक ताजा पाव ठेवला होता, तो दर वेळी घसरायचा. अर्ध्या वाटेवर नायदेन म्हणाला, "तू आलीस ते बरं झालं."

"बोलू नकोस. श्वास घे."

पेतकाना दारातल्या बाकावर उन्हाला बसली होती. वाळलेली, काळी, डोळ्यांवर पांढरा पडदा. दिसत नव्हतं, पण मान बरोबर वळली.

"दोघं आहात," ती म्हणाली. "दुसरं कोण?"

"बायको," नायदेन म्हणाला. मग टोपी काढली, वाकला, तिच्या हातावर ओठ टेकवले. "माफ कर, कुमा."

"कुणाची कुमा? मला काही सापडलं नाही."

आणि वेलिकाचं डोकं फिरलं. डोंगर चढून दमलेली, गुडघे आता खरेच दुखत होते, आणि ही बाई तेच वाक्य तशीच म्हणते, जपमाळ ओढल्यासारखी.

"पेतकाना मावशी, आता पुरे!" ती म्हणाली. "हा माणूस म्हातारा झाला. तुमची कौलं बसवून बसवून म्हातारा झाला. काय जातं हो तुमचं? नाव सांगा नाहीतर शिवी द्या, पण काहीतरी बोला. माझ्यानं आता दर वर्षी पापुद्रे लाटवत नाहीत!"

शेळीनं मान वर करून पाहिलं. नायदेन म्हणाला, "वेलिका, असू दे."

पेतकाना बराच वेळ बोटं चोळत बसली.

"मी काही हट्टानं गप्प नाही, पोरी," ती म्हणाली. आवाज वेगळाच होता, थकलेला. "तुझ्या घरच्या म्हातारीनं माझा हात धरून पावावर ठेवला. पावावर मीठ होतं. म्हणाली, म्हण, मला काही सापडलं नाही, मी काही बोलले नाही. बोललीस तर हाच पाव घशात अडकेल. मी म्हटलं. मग तिनं तो पाव दिला आणि मी तो खाल्ला. वाटेतच खाल्ला, घरापर्यंत नेला नाही. भावंडं घरी उपाशी होती. आता तूच सांग, असा पाव पोटात गेल्यावर तोंड कसं उघडायचं? खाल्ल्या मिठाला जागायला नको?"

नायदेन बाकावर बसला. मोजे आणि पाव त्याला माहीत होतं. हात पावावर ठेवलेला माहीत नव्हतं.

"मला का नाही सांगितलंस हे तरी?"

"सांगणं म्हणजे बोलणंच की रे. आज तरी कुठं नीट बोलतेय? म्हातारी झाले, जीभ सैल झाली. पण नाव तेवढं नाही बोलायची. ज्या बाईनं हात ठेवला ती मेली. आता तो हात पावावरून उचलणार कोण?"

अशा शपथेचं काय करायचं याची काही रीत नव्हती. असती तर कुणीतरी आधीच केली असती. वेलिकाला रीतभात सुचलीही नाही. तिला एवढंच दिसलं की रूसा आजी ज्या परातीत पीठ मळायची त्याच परातीत ती इतकी वर्षं मळत आली होती. त्याच चुलीवर, त्याच ओट्याशी. त्सोनाही गेली होती, घरात आता दुसरी बाईच नव्हती. म्हणजे त्या घरचा पाव आता तिचा. नायदेन इतकी वर्षं माफी मागत आला, पण तो तर दुपट्यातलं पोर होता, त्यानं काय केलं होतं? ज्या ओट्यावरून पाव आला, त्या ओट्याची बाई मात्र कधी वर आली नव्हती. ती गुडघे दुखतात म्हणून खाली बसली होती.

तिनं फडकं सोडलं, पाव काढला आणि पेतकानाच्या मांडीवर ठेवला. तिचा वाळका हात धरून पावावर टेकवला. पेतकाना दचकली, पण हात ओढला नाही.

"मी रूसाच्या ओट्याची बाई," वेलिका म्हणाली. "आमच्या घरानं तुमच्याकडून एक गोष्ट पावावर घेतली. ती मी पावावर परत देते. आमचं चुकलं. माफ करा, मावशी." आणि तो हात तिनं उचलला.

पेतकानानं पाव नाकाशी नेला, वास घेतला. मग एक तुकडा मोडला, तोंडात टाकला आणि हळूहळू चावला. घशात अडकतोय की काय ते बघत असावी. गिळला. अडकला नाही.

"मीठ कमी पडलंय," ती म्हणाली.

"डॉक्टरनं याला मीठ बंद केलंय," वेलिका म्हणाली.

"देव माफ करो. माफ आहे तुला." मग तिनं नायदेनच्या दिशेनं तोंड वळवलं. "पोतं मी आधीच टाकलं होतं, पाठ दुखत होती म्हणून. म्हटलं जरा बसावं. तर बाजूला तू. रडत नव्हतास. नुसता बघत होतास, म्हटलं हे काय. उचललं, दारात आणलं, आणि ओरडले, अहो, हा बघा, नायदेन! दुसरं काय म्हणणार? सापडलेल्याला काय म्हणतात?"

"नायदेन?" नायदेन म्हणाला.

"नायदेन. तुला काय राजाचं नाव हवं होतं?"

वेलिकाला वाटलं आता रडेल, किंवा हसेल. त्यानं बूट बघितले, चिखल काठीनं खरवडला.

"म्हणजे तेच होतं," तो शेवटी म्हणाला. "पहिल्यापासून."

"तेच होतं. माफ आहे तुला, नायदेन. आता बानित्सा कापा, गार झाली."

उतरताना वेलिकानं विचारलं, "पोरीला कळवायचं का? नावाचं?"

"आता काय कळवायचं. निकोलासला मिशा फुटल्या."

घरी आल्यावर तो दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत झोपला. वेलिका दोनदा उठून त्याच्या नाकाशी हात धरून आली. त्यानंतर तो रस्त्याला, देवळात, दवाखान्यात, कुठंही नाव विचारलं की सावकाश सांगायचा. एवढाच फरक. बाकी कौलं गळायची, पाठ दुखायची, हिवाळा लांबायचा.

पुढच्या वर्षीचं ईस्टर त्यानं पाहिलं नाही. पण माफीचा रविवार त्याच्या आधी येतो.

त्या रविवारी सकाळी वेलिका अंथरुणातूनच म्हणाली, "आता काय विचारायचं राहिलंय? सांगितलं ना तिनं."

"विचारायला नाही जात."

"मग?"

"कुमाकडं जातात ना माफीच्या रविवारी."

ती उठली, आणि पापुद्रे लाटले. मनगट दुखलं, पण ते दुखलं नाही असं कधी झालं होतं? बानित्सा झाली. संत्रं बाजारातून आणलेलं होतं, ते त्यानं कोटाच्या खिशात घातलं. वाइन लहान बाटलीत ओतली. वेलिका म्हणाली, मी येते. तो म्हणाला, तू बस, गुडघे. डोंगर तसाच होता, चिखल तसाच. ती कुंपणाशी उभी राहून बघत राहिली. चार पावलं, झाड. चार पावलं, झाड. मग वळणापलीकडं दिसेनासा झाला.

उन्हं कलल्यावर परत आला. फाटक लावलं, कडी घातली.

"काय म्हणाली?"

"मीठ कमी म्हणाली."

"आणि?"

"माफ आहे म्हणाली."

त्यानं रिकामा थाळा पुसला, खिळ्याला टांगला, फडकं झटकून दोरीवर टाकलं. मग बाकावर बसून एक बूट काढला, दम घेतला, दुसरा काढला.

"सूप आहे का?" त्यानं विचारलं.